हेडस्टॉकच्या मागची बारीक अक्षरं

गिटारच्या दुकानात गेलं की मी आधी गिटार उलटी करते, वाजवायच्याही आधी. हेडस्टॉकच्या, म्हणजे तारा पिळायच्या वरच्या टोकाच्या, मागे खुंट्यांच्या आसपास मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ही कुठे बनलीय, आणि ते वाचल्याशिवाय माझा हात तारांकडे जातच नाही. यंदा एप्रिलमध्ये ऑफिसच्या भिशीचा नंबर लागला, थोडे आधीचे साठवलेले होते, आणि नवरा म्हणाला आत्ता घे, नाहीतर घरात परत काहीतरी खर्च निघेल आणि अजून पाच वर्षं जातील. मग एका शनिवारी डेक्कन क्वीन पकडली आणि सीएसएमटीला उतरून चालत धोबी तलावाजवळच्या एका दुकानात गेले. अठरा वर्षांनी नवीन इलेक्ट्रिक गिटार. नवीन म्हणजे खरी नवीन, कारण आधीची कोरियन होती आणि तीही सेकंडहँड.

माझ्या बजेटच्या आजूबाजूच्या चार गिटारी पोराने स्टँडवर लावून दिल्या. एकेक उलटी केली. इंडोनेशिया, इंडोनेशिया, चायना, मेक्सिको. वर काचेच्या कपाटात एक अमेरिकन होती, दोन लाखांच्या घरातली, तिच्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. पोरगा म्हणाला, मॅडम वाजवून तर बघा. आणि मी त्याला म्हणाले, "इंडोनेशियन आहे ना रे, फिनिशिंग असंच असणार."

तोंडातून निघून गेलं आणि माझा मलाच धक्का बसला, कारण हे वाक्य माझं नव्हतं. हे वाक्य मी आधी एका मेलमध्ये वाचलं होतं, फक्त त्यात इंडोनेशियाच्या जागी भारत होता.

सांगते. मी भोसरीला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, सोळा वर्षं झाली. ॲल्युमिनियमचे आणि स्टीलचे छोटे पार्ट बनतात आमच्याकडे, बरेचसे बाहेर जातात. मशीनमधून जॉब, म्हणजे तो पार्ट, निघाला की त्याच्या कडेला धातूची एक बारीक धारदार पापडी राहते, तिला आम्ही बर म्हणतो, आणि ती बर हाताने काढावी लागते, कानस मारून, एकेका जॉबची. आमच्याकडे हे काम चार मावशी करतात. दोन वर्षांपूर्वी आमचा एक अख्खा लॉट परदेशातल्या कस्टमरने परत पाठवला, आतल्या एका भोकाच्या कडेला बर राहिली होती म्हणून. चूक होतीच, फोटो होते, नाकारायचा प्रश्नच नव्हता. पण मेलमध्ये शेवटी एक ओळ होती की भारतीय सप्लायरकडून हे अपेक्षितच होतं. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली असेल. त्या रात्री मी आणि त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी साडेअकरापर्यंत बसून तेच जॉब परत घासत होतो, त्यांच्या बोटांना पट्ट्या बांधलेल्या, आणि मला सारखं वाटत होतं की या बाईला कुणी एकदा पाहायला हवं होतं हे लिहायच्या आधी.

बरं, बर का राहिली? तर त्याच कस्टमरने त्याच्या मागच्या वर्षी रेट खाली आणला होता. रेट खाली आला म्हणून आमच्या लोकांनी डीबरिंगचा टाइम कमी केला, एका जॉबला दीड मिनिट होतं त्याचं एक मिनिट झालं. त्या आतल्या भोकापर्यंत हात पोचायला जे तीस सेकंद लागायचे तेच नेमके गेले. मावशींचा हात तोच होता, कानस तीच होती.

म्हणून दुकानात मी तसंच बोलून गेले तेव्हा मला वाईट वाटलं. मी गिटार स्टँडवर परत ठेवली, पोराकडे पाणी मागितलं, आणि मग पर्समधून फिलर गेज काढलं, बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचं. हे माझ्याकडे कायम असतं. पोरगा बघतच राहिला. म्हणलं आता देश बघायचा नाही, जॉब बघायचा.

पण माझ्या डोक्यात जी शिडी होती ना, वर अमेरिका, मग जपान, मग मेक्सिको, कोरिया, इंडोनेशिया, चीन, आणि सगळ्यात खाली आपण, ती नुसती माझ्या डोक्यात नाहीये. गिटार वाजवणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात ती आहे. सांगलीला कॉलेजात असताना मी आयुष्यातली पहिली गिटार घेतली ती आपल्याकडेच बनलेली होती, तारा इतक्या उंच की एफ कॉर्ड धरला की मनगटात कळ यायची, आणि शिकवणारे सर म्हणायचे इंडियन आहे, चालायचंच. तिथून शिडीची पहिली पायरी पक्की झाली. वरच्या पायऱ्या नंतर मासिकं वाचून आणि इंटरनेटवर लोकांचं ऐकून भरत गेल्या. आणि गंमत बघा, या शिडीचा इतिहास नीट वाचायला घेतला तर ती कुठल्याच पायरीवर टिकत नाही.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावापासून करू. पुढे फेंडर गिटार कंपनी काढणारा लिओ फेंडर तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वस्तू कशी बनवायची आणि बिघडली तर पटकन कशी दुरुस्त करायची हे त्याला बरोबर कळायचं. म्हणून त्याने नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, बॉडीला चिकटवायच्या ऐवजी चार स्क्रूंनी बसवली. एक नेक खराब झाली की काढा, दुसरी लावा. १९५१ ला टेलिकास्टर या नावाने पहिली गिटार आली, १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर. म्हणजे ज्या गिटारला आपण आज देव्हाऱ्यात बसवलंय ती मुळात कारखान्यात, लाईनवर, पटापट बनावी अशीच डिझाइन केलेली आहे, आणि मला क्वालिटीवाली म्हणून त्यातच तिची खरी हुशारी दिसते.

आणि ती बनवायचं कोण? पन्नाशीच्या दशकातल्या काही स्ट्रॅटोकास्टरची नेक उघडली की तिच्या खालच्या टोकावर पेन्सिलने लिहिलेली दोन अक्षरं सापडतात, टी जी, शेजारी तारीख. तादेओ गोमेझ. नेकला आकार द्यायचं काम करणारा कारागीर. आज ती अक्षरं असलेल्या नेकसाठी लोक वाट्टेल ते पैसे मोजतात. तशीच अबिगेल इबारा नावाची बाई, १९५६ साली फेंडरमध्ये लागली, केसासारख्या तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी घालून पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, बनवायचं तिचं काम, आणि ती निवृत्त झाली २०१३ ला. सत्तावन्न वर्षं एकाच कंपनीसाठी तार गुंडाळली तिने! ज्या गिटारींना आपण अस्सल अमेरिकन म्हणतो त्यांच्यात गोमेझ आणि इबारा आडनावाच्या माणसांचे हात आहेत, आणि मग आपणच मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यातली गिटार उलटी करून नाक मुरडतो. तो कारखाना १९८७ चा, फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या करोना कारखान्यापासून गाडीने काही तासांच्या अंतरावर, फक्त मधे बॉर्डर लागते.

१९६५ ला लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या टीव्ही-रेडिओवाल्या बड्या कंपनीला विकली, एक कोटी तीस लाख डॉलरला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांतल्या गिटारींबद्दल जुने वादक आजही हळहळतात, जड बॉड्या, नेकच्या जोडात फट, जाडजूड पॉलिश. अहो पण देश तोच होता ना? गाव तेच, फुलर्टन. कामगारही बरेचसे तेच. बदलला होता तो मालक आणि तासाला किती नग काढायचे त्याचा हिशोब. मला हे वाचताना आमचं दीड मिनिटाचं एक मिनिट आठवत होतं.

तिकडे जपानमध्ये याच काळात लोक शिकत होते. नागानो प्रांतात मात्सुमोतो नावाचं गाव आहे, लाकूडकामाची जुनी परंपरा असलेलं, तिथे १९६० ला फुजीगेन नावाचा कारखाना निघाला. नागोयाची होशिनो कंपनी, मुळात पुस्तकाचं दुकान, त्यांनी स्पेनच्या इबानेझ गिटारी आयात करता करता ते नावच घेतलं आणि सत्तरच्या दशकात अमेरिकन गिटारींच्या इतक्या हुबेहूब नकला विकल्या की १९७७ ला गिब्सन या अमेरिकन गिटारवाल्यांच्या मालक कंपनीने हेडस्टॉकच्या आकारावरून फिलाडेल्फियात दावा लावला. नक्कल वाईट असती तर कोर्टात कोण गेलं असतं? शेवटी १९८२ ला फेंडरनेच फुजीगेनला काम दिलं, फेंडर जपान सुरू झाली, स्क्वायर हे फेंडरचं दुसरं, स्वस्तातलं नाव त्याच वर्षी गिटारीवर आलं, आणि त्या सुरुवातीच्या, सिरियल नंबरात जेव्ही असलेल्या गिटारी आज जुन्या बाजारात नव्या मेक्सिकनपेक्षा महाग जातात. १९८५ ला कंपनी सीबीएसकडून परत विकत घेतली गेली तेव्हा त्या सौद्यात फुलर्टनचा कारखानाच नव्हता, करोनाला नवीन उभा करेपर्यंत काही काळ जपानवरच भिस्त होती. ज्या देशाच्या मालाला बाप मंडळी "जपानी खेळणं" म्हणून हसायची त्या देशाने अमेरिकन गिटार तगवली.

मग येन महागला, काम कोरियाला गेलं. इंचॉनच्या आसपास कारखाने उभे राहिले, आणि लोक म्हणायला लागले कोरियन काय, तकलादू. १९८७ नंतर तिथे लोकशाही आली, संप झाले, पगार वाढले, तोपर्यंत कोरियन गिटार खरंच चांगली व्हायला लागली होती आणि नेमकं तेव्हाच काम पुढे सरकायला लागलं, इंडोनेशिया, चीन. माझी आधीची गिटार याच काळातली, आणि मी तिच्या निमित्तानेच कॉर्टच्या कामगारांबद्दल वाचलं. कॉर्ट या कोरियन गिटार कंपनीने २००७-०८ मध्ये कोरियातले आपले कारखाने बंद केले, काम इंडोनेशिया-चीनला. जे कामगार काढले गेले ते आंदोलनाला बसले आणि बसलेच, तेरावं वर्ष लागलं, २०१९ च्या एप्रिलमध्ये तडजोड झाली तेव्हा मूठभरच उरले होते. आयुष्यभर गिटारी बनवलेल्या पण वाजवता न येणाऱ्या या माणसांनी आंदोलनाच्या काळात वाजवायला शिकून स्वतःचा बँड काढला. मला हे वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही नीट. मी भोसरीत काम करते, मला माहितीये काम दुसरीकडे गेलं की गेटवर काय शांतता पसरते. स्वस्त गिटार म्हणजे नुसती स्वस्त गिटार नसते, तिच्या मागे कुठल्यातरी गावातलं गेट बंद झालेलं असतं आणि दुसऱ्या गावातलं उघडलेलं असतं, आणि त्या दुसऱ्या गावातलीही माणसंच असतात.

आता इंडोनेशियात जावा बेटावरच्या सुराबायाला कॉर्टचा जो पसारा आहे त्यातून किती नावांच्या गिटारी निघतात, इबानेझच्या काही, स्क्वायरच्या काही, २०१९ पासून पीआरएस या अमेरिकन कंपनीच्या एसई मालिकेतल्या बहुतेक. एकाच आवारात, त्याच प्रकारच्या सीएनसी मशीनवर. आमच्याकडे पण तसंच आहे. एकाच मशीनवर सकाळी एका कस्टमरचा जॉब, दुपारी दुसऱ्याचा. एकाच्या ड्रॉइंगवर कडेचा गोलवा मोजून दिलेला असतो, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर नुसतं "बर काढा" लिहिलेलं असतं. ज्याने जे लिहिलं आणि ज्याचे पैसे दिले तेवढं त्याला मिळतं. क्वालिटी देशाची नसते हो, ड्रॉइंगची असते, आणि ड्रॉइंगवरच्या त्या शेवटच्या ओळीला किती सेकंद दिलेत त्याची असते.

तर परत दुकानात. मी चारही गिटारी एकाच अँपला, एकाच केबलने, टोन अर्ध्यावर ठेवून लावल्या. आवाजात फरक होता पण मी घाबरले होते तेवढा नव्हता. मेक्सिकनचा आवाज जास्त मोकळा, चिनी जराशी बोचरी, हे पिकअपच्या मॅग्नेटवर बरंचसं अवलंबून असतं आणि पिकअप नंतर बदलताही येतात. खरा फरक हाताला कळत होता. नेकच्या कडेवरून अंगठा खाली वर फिरवला की सगळं समजतं, फ्रेटची टोकं टोचतात की नाही. फ्रेट म्हणजे काय, धातूची तार लाकडात ठोकून बसवलेली, तिची दोन्ही टोकं कापून, तिरकी घासून, शेवटी एकेक करून गोल करावी लागतात. बावीस फ्रेट, चव्वेचाळीस टोकं. मशीन बरंच करतं पण शेवटचा हात माणसाचाच. म्हणजे ही पण एक बर.

दोन इंडोनेशियन एकाच मॉडेलच्या होत्या, एक निळी आणि एक क्रीम. निळीला पाचव्या ते नवव्या फ्रेटपर्यंत खालच्या अंगाला टोकं स्पष्ट टोचत होती, आणि दोनदा तार ओढून बेंड केल्यावर पहिली तार नटमध्ये, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, अडकून टिक करून आवाज यायचा. क्रीमला काहीच नाही. नेकचा बाक मोजला, पहिला फ्रेट कॅपोच्या चिमट्याने दाबून, शेवटचा बोटाने दाबून, मधे आठव्या फ्रेटवर फिलर गेजची पाती सरकवली, निळी ०.४ मिलिमीटर, क्रीम ०.२५. एकच मॉडेल, एकच देश, एकच किंमत, आणि दोन वेगळ्या गिटारी. बहुतेक दोन वेगळे हात, नाहीतर एकच हात पण एक शिफ्टच्या सुरुवातीला आणि एक शेवटाला.

मग मी पोराला म्हणलं, ती काचेतली दे रे, घेणार नाहीये, फक्त हात लावायचाय. त्याने काही न बोलता काढून दिली, चांगला पोरगा होता. आणि हो, ती वेगळी होती, खोटं कशाला बोलू. नेकच्या कडा अशा गोल केलेल्या की कुणीतरी वीस वर्षं ती रोज वाजवलीय असं वाटावं. नटचे खाचे इतके नेमके की ओपन तार आणि पहिल्या फ्रेटवरची तार, दाबायला सारखीच मऊ. तिला दिलेला वेळ बोटाला कळत होता. पण तो वेळ होता. गोडवा अमेरिकेच्या पाण्यात नव्हता.

मी क्रीम घेतली. पैसे देताना पोराने फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या, लाकडाचं नाव वाचून दाखवलं, इंडियन लॉरेल. मी परत वाचायला सांगितलं. शिसवावर २०१७ ला आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, दुर्मिळ झाडं-प्राणी वाचवायच्या साइट्स कराराचे, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी स्वस्त गिटारींना दुसरं लाकूड शोधलं, त्यातलं एक हे. वाद्यांना २०१९ च्या शेवटी सूट मिळाली तरी लॉरेल राहिलंच. आणि इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला, सह्याद्रीत जाल तिथे उभा असलेला ऐन, ज्याचं लाकूड आपल्याकडे घराच्या बांधकामाला वापरतात. परतीच्या गाडीत खंडाळ्याच्या घाटात मी खिडकीतून झाडं बघत होते आणि मांडीवर बॅगेत ऐनाची पट्टी होती, जावा बेटावर फिरून आलेली.

आता पुढची गोष्ट, जी मला खरी सांगायची होती. पुण्यात आणल्यावर तीन आठवड्यांत, ऐन मेमध्ये, त्याच क्रीम गिटारची टोकं टोचायला लागली. मुंबईत लोण्यासारखी होती आणि इथे अंगठ्याला ओरखडा. पहिला विचार परत तोच आला, शेवटी इंडोनेशियनच. सोळा वर्षं क्वालिटीला असून! मग शांत बसून विचार केला. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने. धातू आकसत नाही. जावाच्या किनाऱ्यावर दमट हवेत तयार झालेली नेक, मुंबईच्या दमट हवेत राहिलेली, आणि मग पुण्याची मेची दुपार, जिथे वाळत घातलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. फ्रेटबोर्ड केसभर आकसला आणि फ्रेट होते तेवढेच राहिले, म्हणून टोकं बाहेर आली. काचेतली अमेरिकन आणली असती तरी कमी-जास्त हेच झालं असतं. यात चूक कुणाचीच नव्हती, पुण्याचीसुद्धा नाही.

कॅम्पात एक काका सेटअप करतात, घरातच, गॅलरीत टेबल टाकून. त्यांच्याकडे नेली. त्यांनी मागचं काही वाचलंच नाही. नेकवर अंगठा फिरवला, डोळा लावून बाक बघितला आणि म्हणाले, "लाकूड चांगलंय गं. बस." मी अडीच तास तिथेच बसले. फ्रेटबोर्डला मास्किंग टेप, मग लांब कानस तिरकी धरून सगळ्या टोकांवरून एकदा, आणि मग छोटी, तीन बाजूंची कानस घेऊन एकेक टोक, चव्वेचाळीस वेळा, प्रत्येकाला तीन-चार हात, मधेच थांबून अंगठा, परत एक हात. मग नटचे खाचे. सहाव्या तारेची ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासूनची उंची, बाराव्या फ्रेटवर २.२ मिलिमीटर होती ती १.८ वर आणली. दीड हजार रुपये घेतले. चाळीस हजाराच्या गिटारला दीड हजारात तोच वेळ मिळाला जो त्या दुसरीला कारखान्यात मिळाला होता.

ते घासत होते तेव्हा मला आजोळ आठवत होतं. माझं आजोळ मिरज. सतारमेकरांच्या दुकानांवरून शाळेच्या सुट्टीत रोज जाणं व्हायचं. ती मूळची शिकलगार मंडळी, तलवारी-भाल्यांना धार लावणारी, हत्यारांचे दिवस संपल्यावर तंबोरे-सतारी बनवायला लागली, आणि २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. तिथे तंबोरा पूर्ण तयार झाला, रंग-पॉलिश झालं, तारा चढल्या, तरी तो अजून झालेला नसायचा. मग एक म्हातारे कारागीर घोडीवर बारीक कानस घेऊन जवारी काढायला बसायचे. एक हात घासायचा, तार छेडायची, कान द्यायचा, परत अर्धा हात. तासन् तास. घोडीच्या माथ्याचा उतार केसभर इकडचा तिकडे झाला की तार मुकी. आम्ही पोरं ओट्यावर बसून वाट बघायचो की आता झणकार फुटेल. तंबोऱ्यात तार घोडीला घासून जे वाजतं तो त्याचा प्राण असतो आणि गिटारमध्ये तेच झालं की आम्ही बझ म्हणून नावं ठेवतो, पण काम एकच, कानस आणि कान. भोपळा पंढरपूरकडचा, कारागीर मिरजेचा, आणि जवारी ज्याने काढली त्या हाताची. त्या गल्लीत कुणी तंबोरा उलटा करून बघत नव्हतं.

काकांनी नेक आणि बॉडीच्या मधे पातळ पट्टी घालायची म्हणून चार स्क्रू काढून नेक सुटी केली. मी वाकून बघितलं. नेकच्या टोकावर मशीनचा शिक्का, तारीख, आणि त्याच्या बाजूला निळ्या पेनने कुणीतरी हाताने केलेली खूण, आपण पास झालेल्या जॉबला करतो तशी, शेवटाला थोडी वर गेलेली. घाईत केलेली असणार. मी स्वतः दिवसाला अशा दोनशे तरी करते. काकांना म्हणलं थांबा एक मिनिट, आणि फोटो काढून घेतला.

पावसाळ्यात नेक परत हलली, नेकच्या आतल्या सळीला, ट्रस रॉडला, पाव आटा दिला, बस. आता रोज रात्री पोरगी झोपली की हेडफोन लावून वाजवते.

आणि परवा दसरा झाला. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीन धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, आणि घरातली हत्यारंही जो तो घेऊन येतो, मी यंदा गिटार नेली. पूजा झाली, पेढे झाले, सगळे वाजवा वाजवा म्हणायला लागले, अँप नव्हता तरी दोन गाणी वाजवली. मग मावशींपैकी सगळ्यात जुन्या ज्या आहेत, त्या रात्री साडेअकरापर्यंत माझ्याबरोबर बसलेल्या, त्या जवळ आल्या. त्यांनी तारांना हात लावला नाही. हळदीकुंकवाने लाल-पिवळा झालेला अंगठा पदराला पुसला आणि नेकच्या कडेवरून वरून खालपर्यंत एकदा नेला, सावकाश, डोळे मिटून, त्या जॉब तपासतात तसाच.

"बर चांगली काढलीय," म्हणाल्या. "बाईने काढलीय का?"

मी म्हणलं, थोडी तिकडे कुणीतरी, थोडी इथे काकांनी.

त्यांनी अंगठा परत मागे नेला, बाराव्या फ्रेटपाशी थांबल्या. "हितं एक राहिलीय बघ."

मी बोट लावून बघितलं. होती.